माहीमच्या वाळूवर बॅटची निगा

पालघर स्टेशनवरून निघून पानवेलींच्या वाड्या मागे टाकल्या की माहीमचा समुद्र दिसतो. विहारातील मुलामुलींना घेऊन आम्ही रविवारी तेथे गेलो. ओहोटीची घट्ट वाळू म्हणजे फुकटचे मैदानच! पण बॅटला ती घातक. बॅटच्या तळाशी लाकडाचे रेषे उघडे असतात; तेथून पाणी शिरते, लाकूड फुगते व चिरते. वर्गणीतून घेतलेल्या बॅटला हे कसे परवडावे? म्हणून आम्ही आठवडाभर आधी कच्च्या जवसाच्या तेलाचा हलका हात फिरवला, ते मुरल्यावर कडांना चिकटपट्टी लावली व तळाला सायकलच्या जुन्या ट्यूबचे रबर चिकटवले. खेळून झाल्यावर बॅट पुसून सावलीतच ठेवावी, उन्हात ती तडकते.

जेवताना मुलांना पालवणकर बाळूंची हकिकत सांगितली. चांभार समाजातले हे थोर गोलंदाज. पुण्यात इंग्रजांच्या क्लबात नोकरीस असताना साहेबांना ते तासन् तास चेंडू टाकीत. पण बॅट काही त्यांच्या हाती दिली जात नसे. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभराहून अधिक बळी घेतले!

दुपारच्या डावाला मुलांनी आपणच नियम केला : ज्याने षटक टाकले, त्याला बॅट मिळालीच पाहिजे.