नुसत्या मार्कांवर भागत नाही

"तू फक्त अभ्यास कर, बाकीचं आम्ही बघतो," हे वाक्य घरोघरी ऐकू येतं. त्यात माया असते, पण ते 'बाकीचं' पोरं शिकणार कधी?

कोल्हापूरला हा प्रश्न नवा नाही. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ मध्ये इथे मराठा विद्यार्थ्यांसाठी बोर्डिंग सुरू केलं. पुढे निरनिराळ्या समाजांची वसतिगृहं उभी राहिली. याच शहरात शिकलेल्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली आणि 'कमवा आणि शिका'ची वाट दाखवली. १९६२ मध्ये स्थापन झालेल्या शिवाजी विद्यापीठातही ही योजना आहे. काम करणाऱ्या मुलाला वेळेची आणि पैशाची किंमत वेगळी शिकवावी लागत नाही.

आमच्याकडे राधानगरी, गगनबावड्याकडून एसटीने येणारी मुलं आहेत. पहाटे डेअरीला दूध घालणारा मुलगा फॅट, दर, दहा दिवसांचं बिल तोंडपाठ सांगतो. मुलाखतीत मात्र म्हणतो, "सर, मला अनुभव नाही." अहो, हाच तर अनुभव! तो त्याला ओळखायला आणि चार लोकांत मांडायला आपण शिकवायचं.

एवढं करून बघा. महिन्याच्या खर्चाचा हिशेब मुलांना लिहू द्या. बँकेतला फॉर्म, शिष्यवृत्तीचा अर्ज त्यांनाच भरू द्या. चुकला तर पुन्हा भरतील. आणि शिक्षकांनो, आठवड्याला एका मुलाला पाच मिनिटं वर्गासमोर बोलू द्या.

डिग्री तीन वर्षांत हातात येते. स्वतःच्या पायावर उभं राहणं रोज थोडं थोडं शिकावं लागतं.