बॅग भरो आंदोलन

रात्रीचे सव्वाअकरा. लाइट गेलेली नव्हती, कुणाचा वाढदिवसही नव्हता, तरी आमच्या रूममध्ये पंधरा-वीस पब्लिक जमलेली. कारण एकच, माझ्या कॉटवर पसरलेलं सामान. हेल्मेट, पोहायचा गॉगल, दोन टॉवेल, बूट, व्हॅसलीनची डबी, टाल्कम पावडर, सायकलची जादा ट्यूब, हातपंप, पाच केळी आणि इलेक्ट्रॉलची पाकिटं. "फिरायला चाललायस का दवाखान्यात ॲडमिट व्हायला?" असं एकानं विचारलं आणि विचारता विचारता पाचातली तीन केळी संपवली.

मित्रांनो, मी ट्रायथलॉनला चाललो होतो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. आधी पोहायचं, मग सायकल, मग धावायचं. तिन्ही लागोपाठ. मधे चहाची सुट्टी नाही. कपडे बदलतानाही घड्याळ चालूच असतं. ऑलिंपिकमध्ये हा प्रकार २००० साली सिडनीला आला. तिथे दीड किलोमीटर पोहणं, चाळीस किलोमीटर सायकल आणि दहा किलोमीटर धावणं. 'आयर्नमॅन' ही त्याची थोरली पाती : ३.८ किलोमीटर पोहून, १८० किलोमीटर सायकल मारून वर अख्खी मॅरेथॉन. मिलिंद सोमण यांनी २०१५ साली पन्नाशीत झुरिचला ती पूर्ण केली, हे आपल्याकडे बऱ्याच जणांना ठाऊक आहे. पण हे खूळ निघालं कसं ते ऐका. हवाई बेटांवर काही मंडळींत वाद लागला की जास्त दम कुणात, पोहणाऱ्यात, सायकलवाल्यात की पळणाऱ्यात? म्हणजे विषय अगदी आपल्या कट्ट्यावरचा. आपण असला वाद रात्री दोनपर्यंत घालतो आणि झोपतो. त्यांनी १९७८ साली खरंच करून बघितलं. पंधरा जण उतरले, बारा जण शेवटपर्यंत पोचले.

माझी होती ती सगळ्यात धाकटी पाती, स्प्रिंट. ७५० मीटर पोहणं, २० किलोमीटर सायकल, ५ किलोमीटर धावणं. ठिकाण कोल्हापूर, राजाराम तलाव.

आता मला हे कुठून सुचलं? खरं सांगायचं तर वायडीतून. सेकंड इयरला एम-थ्री धरून पाच विषय राहिले आणि वर्ष गेलं. बरोबरची पोरं थर्ड इयरच्या लेक्चरला जायची आणि मी रूमवर. रूम तरी माझी कुठे होती? नाव कटलं होतं, मी पॅरासाइट म्हणून राहत होतो. (रेक्टर सर, आता मी रीतसर फी भरून राहतो, पावती आहे.) घरी काहीच सांगितलं नव्हतं. आईचा फोन आला की "हो, चाललंय कॉलेज" एवढं बोलून रेंज नाही असं करायचं. दिवस जाता जाईना. म्हणून नगरपालिकेच्या टँकवर पोहायला जायला लागलो. तिथे येणाऱ्या एका सिनियरनं विचारलं, "सायकल येते? पळता येतं? मग उतर की." झालं.

पोहता येतं अशी माझी समजूत होती. लहानपणी आप्पांनी पाठीला पत्र्याचा डबा बांधून विहिरीत सोडलं होतं, त्यात शिकलेलो. पण ते पोहणं म्हणजे मुंडकं वर काढून हातपाय मारणं. टँकवर कोचनं बघितलं आणि म्हणाले, "बुडणार नाहीस, पण पुढंही जाणार नाहीस." तोंड पाण्यात घालून, एका बाजूला श्वास घेत सरळ जायला शिकण्यात दीड महिना गेला. पंचवीस मीटरचा टँक, तीस फेऱ्या म्हणजे ७५०. त्या जमल्या तेव्हा मी हॉस्टेलभर सांगत सुटलो.

सामान मात्र एकही माझं नव्हतं. गिअरची सायकल रूम पार्टनरची. हेल्मेट सिव्हिलच्या एकाचं, त्याच्या मामानं दिलेलं, कधीच न वापरलेलं. गॉगल इलेक्ट्रॉनिक्सवाल्याचा. या खेळासाठी पोहण्यापासून पळण्यापर्यंत चालणारा एक अखंड सूट मिळतो, त्याची किंमत ऐकून मी दुकानातून उलटाच फिरलो. घट्ट चड्डीवर तिन्ही खेळ होतात. बुटाला लेसऐवजी शिंप्याकडचं इलास्टिक ओवलं, म्हणजे गाठ मारत बसायला नको, पाय घातला की झालं. खर्च दहा रुपये.

अडलो ते फॉर्मवर. त्यात एक रकाना होता : आणीबाणीत कळवायचा नंबर. मी बिनधास्त रूम पार्टनरचा टाकायला निघालो. एरवी सायकल, शाम्पू, सबमिशन सगळं देणारा माणूस, पण या बाबतीत अडून बसला. "माझा टाकू नको. तुला काही झालं तर तुझ्या घरी मी काय सांगू? पोरगा वर्षभर कॉलेजला नव्हता, तलावात होता असं?"

फॉर्म दोन दिवस तसाच ठेवला. शनिवारी गावाला गेलो.

आप्पा मळ्यात होते. पोहायचं काहीतरी बोलत विहिरीपर्यंत गेलो, पायऱ्यांवर बसलो आणि सगळं सांगून टाकलं. पाच विषय, गेलेलं वर्ष, फोनवरच्या थापा, सगळं. आप्पा काही बोलले नाहीत. उठून मोटारीच्या पेटीकडे गेले. मला वाटलं, संपलं, आता बोलणार नाहीत. त्यांनी मोटार बंद केली, परत आले आणि म्हणाले, "किती पवायचं म्हणालास?"

आमची विहीर चाळीस फुटी. कडेपासून जरा आत राहून एक वेढा साधारण तीस मीटरचा, म्हणजे पंचवीस वेढे. (टू पाय आर मला येतं. एम-थ्रीमध्ये ते विचारत नाहीत, त्याला मी काय करू?) आप्पांनी पंचवीस खडे वेचले आणि पायरीवर मांडले. एक वेढा झाला की एक खडा पाण्यात. पहिल्या दिवशी चौदा खड्यांवर माझा कारभार आटोपला. टँकमध्ये दर पंचवीस मीटरला भिंतीला पाय रेटून मिळणारी विश्रांती इथे नाही, खाली काळं पाणी, आणि सारखं वळत राहायचं. छाती भरून आली, पायरी धरून लटकलो. आप्पा म्हणाले, "पाण्याशी भांडतोयस कशाला? उताणा हो जरा." उताणा पडून दम घ्यायचा, हे मला कुठल्याच कोचनं सांगितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी पायरीवर एकही खडा उरला नाही. वर आल्यावर ते एवढंच बोलले, "आईला मी सांगतो. परीक्षेची फी कधी भरायची ते बघ." फॉर्मवर त्यांचाच नंबर टाकला.

हॉस्टेलवर आल्यावर कॉरिडॉरमध्ये रंगीत तालीम सुरू झाली. पाण्यातून येऊन सायकल घ्यायची आणि सायकल ठेवून पळायला लागायचं, या दोन बदलांना ट्रान्झिशन म्हणतात. त्याचे नियम कडक. आधी हेल्मेटचा पट्टा लावायचा, मगच सायकलला हात. आखलेल्या रेषेपर्यंत सायकल ढकलत न्यायची, अलीकडे बसलात तर दंड. आमच्याकडे स्टँड म्हणून दोन खुर्च्या, तलाव म्हणून बाथरूम. ओल्या अंगानं पळत यायचं आणि सिव्हिलवाला मोबाइलवर टाइम लावणार. पहिल्यांदा साडेसहा मिनिटं लागली, त्यातली चार मोजे घालण्यात. ओल्या पायावर मोजा चढत नाही, हे विज्ञान त्या दिवशी कळलं. मग मोज्यात पावडर टाकून, तो अर्धा गुंडाळून बुटातच ठेवायचा उपाय निघाला, तेव्हा दोन मिनिटांवर आलो. आरडाओरडा ऐकून रेक्टर सर वर आले. मी ओला, डोक्यावर हेल्मेट, एका पायात बूट. "काय चाललंय?" "कपडे बदलतोय सर." सर बराच वेळ सायकलकडे बघत राहिले.

तर त्या रात्री बॅग भरायचा प्रश्न. प्रत्येकाचं वेगळं मत. शेवटी कॉम्प्युटरवाला म्हणाला, "अरे हा स्टॅक आहे. शेवटी लागणारं तळाला, आधी लागणारं वर." म्हणून तळाला टोपी आणि पळायचं सामान, त्यावर मोजे-बूट, नंबरचा पट्टा, ट्यूब आणि पंप, सगळ्यात वर गॉगल आणि मानेला लावायचं व्हॅसलीन. हेल्मेट बाहेर लटकवलं. आयत्या वेळी नवीन काही खायचं नाही हा नियम सगळ्यांनी मला सांगितला आणि उरलेली दोन केळीही खाल्ली. पहाटे साडेतीनला निघालो तर मेसच्या मामांनी गूळ-पोळीचा डबा हातात ठेवला. झोपमोड कुणी केली त्यांची, आजवर कळलेलं नाही.

तलावातलं सांगायचं तर पहिल्या शंभर मीटरमध्ये कुणाची तरी लाथ तोंडावर बसली आणि गॉगल गेला तो गेलाच. नाकात पाणी, आजूबाजूला नुसते हात. क्षणभर वाटलं, होडीवाल्याला हात करावा आणि घरी जावं. मग उताणा झालो. आभाळ बघत आठ-दहा श्वास घेतले, पुन्हा पालथा झालो आणि मुंडकं वर काढून, अगदी विहिरीतल्यासारखं, पुढच्या तरंगत्या खुणेकडे निघालो. सायकलीचं विशेष काही नाही, चढाला सगळे मला मागे टाकत होते. सायकलवरून उतरून पळायला लागलं की पाय आपले राहत नाहीत. पहिला किलोमीटर गोधडी गुंडाळून पळाल्यासारखा गेला. एक तास छप्पन्न मिनिटं. माझ्या मागेही लोक होते, हे मुद्दाम नमूद करतो.

बॅगेतून मोबाइल काढला तर आप्पांचे सात मिस्ड कॉल. मी फोन लावला. "भायेर आलास का?" एवढंच विचारलं. कितवा आलो ते अजून विचारलेलं नाही.

एम-थ्री निघाला, बाकीचेही निघाले. इलेक्ट्रॉनिक्सवाला गॉगलचे साडेतीनशे रुपये महिन्यातून एकदा मागतो. सिव्हिलवाल्याला हेल्मेट परत द्यायला गेलो, तर तो म्हणाला, "राहू दे, पुढच्या वर्षी मीच उतरणार आहे. फक्त पोहायला शिकव." रविवारी त्याला घेऊन गावाला चाललोय. आप्पांना फोन करून विचारलंय, पत्र्याचा डबा अजून माळ्यावर आहे.