भोपळा नावाला

बाटलीवर भोपळ्याचं चित्र होतं म्हणून घेतली, एवढंच खरं कारण. सिॲटलमध्ये ऑगस्ट संपायच्या आधीच दुकानांत भोपळा सुरू होतो. कॉफीत भोपळा, बिस्किटांत भोपळा, मेणबत्तीतसुद्धा भोपळा. ही बिअर इथल्याच एलिशियन ब्रुअरीची, ‘नाइट आउल’ नावाची. दोन आठवडे फ्रिजमध्ये पडून होती. परवा शुक्रवारी रात्री अकराला लॅपटॉप मिटला आणि उघडली.

रंग कोऱ्या चहासारखा तांबूस. वास आला आणि मी ग्लास तसाच खाली ठेवला. जायफळ! मागून लवंग, दालचिनी. साताऱ्याच्या घरी आजी घारगे तळायला बसली की जिन्यापर्यंत यायचा तो वास.

घोट घेतल्यावर मात्र फजिती झाली. जीभ गुळाची वाट बघत होती आणि आला कडवटपणा. आधी माल्टचा, भाजलेल्या पावाच्या कडेसारखा गोडवा, मग हॉप्सचा कडूपणा, आणि गिळल्यावर परत जायफळ. वाईट नव्हती. पण भोपळा? चार घोट मी नुसता भोपळा शोधत होते.

सापडेना, म्हणून वाचत बसले. बग मिळाल्याशिवाय झोप येत नाही, हा धंद्याचा दोष. भोपळा खरंच घालतात. माल्टबरोबर गरम पाण्यात त्याचा गर मुरवतात. पण भोपळ्यात ९० टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं. जी थोडी साखर निघते ती यीस्ट खाऊन टाकतं, तिचं अल्कोहोल होतं. अमेरिकेत वसाहती करणाऱ्या इंग्रजांनी भोपळ्याची बिअर केली ती हौसेनं नाही, बार्लीचा माल्ट पुरेसा मिळेना म्हणून. मसाल्याची बिअर त्यामानानं अगदी अलीकडची. १९८०च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या हेवर्ड गावी बिल ओवेन्सनं भोपळा घालून बिअर केली. हा गडी मुळात फोटोग्राफर. बिअरला भोपळ्याची चवच लागेना, तेव्हा त्यानं भोपळ्याच्या पायचा तयार मसाला आणला आणि त्याचा काढा करून बिअरमध्ये ओतला. म्हणजे इथे सगळे जिला भोपळ्याची चव म्हणतात, ती मसाल्याची.

हे वाचून मला उगाच फसवल्यासारखं वाटलं. आईला फोन लावला. तिकडे शनिवारची दुपार होत आली होती.

“बरं झालं फोन केलास. आज सर्वपित्री, लक्षात होतं ना?”

नव्हतं.

आजी गेल्या वर्षी फेब्रुवारीत गेली. मी गेले नाही. व्हिसाच्या स्टॅम्पिंगची तारीख मिळत नव्हती, गेले असते तर परत यायला किती महिने लागले असते कोण जाणे, असं मी सगळ्यांना सांगितलं. ते खोटं नव्हतं. पण दहा दिवसांवर रिलीज होतं आणि ते मला सोडायचं नव्हतं. हे कुणालाच सांगितलं नाही.

“आई, आजी घारग्यात भोपळा किती घालायची गं?”

“तिचं काय विचारतेस! नावाला. मूठभर कीस. तू लहानपणी भोपळा बघितला की ताटावरून उठायचीस, मग तिनं कमी कमी करत आणला. गूळ आणि जायफळच जास्त. आज मी नीट भोपळा घालून केलेत, तर तुझे बाबा म्हणतात, आईसारखे झाले नाहीत.”

मी काहीच बोलले नाही.

“तू काय जेवलीस?”

ग्लासात अजून निम्मी होती. “भोपळाच,” मी म्हणाले.

“अगं बाई! आठवणीनं केलास?” आईचा आवाज एकदम ओला झाला. “अहो, ऐकलंत का, तिनं तिकडे भोपळा केलाय आज.”

तेव्हा खरं सांगता आलं असतं. लांबून बाबा काहीतरी म्हणाले, मला नीट ऐकू आलं नाही.

“चल, पान ठेवायचंय,” म्हणत आई फोन तसाच हातात धरून गच्चीचा जिना चढू लागली. तिचा दम ऐकू येत होता. मग पत्रावळ ठेवल्याचा आवाज, आणि बराच वेळ नुसता वारा.

“आला का?” मी विचारलं.

“नाही अजून. समोरच्या तारेवर बसलाय, बघतोय.”