एकवीस दिवसांची सेवा

"सुटीत काय केलेस?" महाविद्यालय पुन्हा सुरू झाले तेव्हा आमच्या सरांनी मला विचारले. मी जरा ऐटीतच उत्तर दिले, "समाजसेवा केली, सर. बऱ्हाणपूरला, कॅथलिक सिस्टरांच्या दवाखान्यात." सरांनी पुढे एवढेच विचारले, "किती दिवस?" मी म्हणाले, "एकवीस." सर हसले आणि वर्गाकडे निघून गेले. त्या हसण्याचा राग मला चांगला आठवडाभर पुरला. हा लेख खरे तर त्या हसण्याला उत्तर म्हणून लिहायला घेतला होता. लिहिता लिहिता उत्तरच बदलले, ते वाचकांसमोर ठेवते.

बऱ्हाणपूर म्हणजे आपल्यापैकी बहुतेकांना इतिहासाच्या पुस्तकातले एक नाव. फारुकी सुलतानांची राजधानी, मोगलांचे दक्षिणेचे दार, आणि 1631 साली मुमताज महल बाळंतपणात जिथे वारली ते गाव. माझ्या लेखी मात्र ते मावशीचे गाव. तापीच्या काठी, भुसावळ ओलांडल्यावर येणारे. राज्य मध्य प्रदेश, पण मावशीच्या गल्लीत मराठी चालते, बाजारात हिंदी आणि उर्दू, आणि कापडाच्या पेढीवर गुजराती. आम्हा निपाणीकरांना याचे नवल वाटायचे कारण नाही. एका वाक्यात दोन भाषा घालून बोलण्याची सवय आपल्याला जन्मापासूनचीच आहे.

मावशीच्या घरापासून दोन गल्ल्या ओलांडल्या की पॉवरलूमचा मोहल्ला लागतो. रात्रंदिवस खटखट चालू. मावशी म्हणते, "आवाज बंद झाला की जाग येते, वीज गेली असं समजायचं." या मोहल्ल्याच्या तोंडाशी सिस्टरांचा दोन खोल्यांचा दवाखाना आहे. सुटीत तिथे मदतीला मुले-मुली घेतात, हे कळल्यावर मी जायचे ठरवले. मावशीला काळजी वाटली. "तुला बाटवणार नाहीत ना गं त्या?" तिने हळूच विचारले. पहिल्या दिवशी सिस्टरांनी माझ्या हाती जपमाळ दिली नाही, बायबलही दिले नाही. एक नोंदवही दिली आणि शिसपेन्सिल दिली. मावशीला ते सांगितले तेव्हा तिचा जीव भांड्यात पडला.

दवाखान्याच्या मुख्य सिस्टर मंगळूरकडच्या निघाल्या. मी निपाणीची म्हटल्यावर त्यांनी एकदम कन्नडमध्ये बोलायला सुरुवात केली. घर सोडून त्यांना पुष्कळ वर्षे झाली होती, आणि कन्नड बोलायला माणूस मिळाल्याचा आनंद त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होता. माझ्याखेरीज वसईचा एक विद्यार्थी आला होता. तो कॅथलिक, घरी कादोडी बोलणारा, आणि आमच्याशी बोलताना शुद्ध पुस्तकी मराठी. त्याला दवाखान्याची बाहेरची भिंत रंगवायचे काम मिळाले. चार दिवस खपून त्याने ती पांढरीशुभ्र केली. मग गल्लीतल्या एका पोराने त्याला सांगितले, "भैया, पिछले साल भी रंगी थी. जो आता है, यही दीवार रंगता है." बिचारा त्या दिवशी जेवला नाही.

माझे काम वेगळे होते. क्षयरोगाचे औषध सरकारी दवाखान्यातून फुकट मिळते. पण ते सहा महिने, एकही दिवस न चुकवता घ्यावे लागते. पहिले दोन महिने चार औषधे, पुढचे चार महिने तीन. मधेच सोडले तर रोग उलटतो आणि मग साध्या औषधाला दाद देत नाही. म्हणून रोग्याने गोळ्या कोणाच्या तरी डोळ्यांदेखत गिळाव्यात आणि त्याची कार्डावर खूण व्हावी, असा नियम आहे. रोज सकाळी सात घरी जाऊन गोळ्या गिळताना पाहायचे आणि खूण करायची, एवढेच माझे काम. एवढेच, असे मला तेव्हा वाटले.

त्या सात घरांतले एक घर खालांचे. सगळा मोहल्ला त्यांना खाला म्हणे, मीही म्हणू लागले. नवरा लूमवर, आणि खाला घरात बसून कांड्या भरत. दिवसभर सुताची बारीक धूळ नाकातोंडात. सिस्टरांनी मला सांगितले होते की या वस्तीत दोन खोकले आहेत. एक जंतूचा आणि एक कापसाच्या धुळीचा. धुळीचा असेल तर आठवड्याच्या सुटीनंतर कामाच्या पहिल्या दिवशी छाती जास्त आवळते. वैद्यकाच्या पुस्तकात तो दिवस सोमवार असतो. खालांच्या मोहल्ल्यात सुटी शुक्रवारची, म्हणून इथे तो शनिवार. खालांना जंतूचा खोकला होता. मी गेले तेव्हा त्यांचे औषध सुरू होऊन एक आठवडा झाला होता.

खाला बोलक्या. मी गेले की चहा टाकायच्या, निपाणीबद्दल विचारायच्या, "तुम्हारे यहाँ लूम नहीं, तो लोग करते क्या हैं?" मी सांगे, तंबाखू आहे, विड्या आहेत. बोलता बोलता गोळ्यांची वेळ होई, त्या ओंजळ तोंडाशी नेत, मी खूण करी आणि निघे. बाराव्या दिवशी चहाची वाट पाहत मी सहज कांड्यांच्या टोपलीत हात घातला. तळाशी गोळ्या लागल्या. मोजल्या, पंधरा निघाल्या. रोजच्या तीन, म्हणजे पाच दिवसांच्या. माझ्या कार्डावर त्या पाचही दिवसांवर सुबक खुणा होत्या.

मी रागाने लाल होऊन सिस्टरांकडे गेले. वाटले, त्या खालांना बोलावून रागावतील. त्यांनी कार्ड पाहिले आणि मलाच विचारले, "नीनु नोडिदेया?" तू पाहिलेस का? मी गप्प. मी पाहिले नव्हते. कोणी गोळ्या गिळत असताना त्याच्या तोंडाकडे टक लावून बघणे मला असभ्य वाटे, म्हणून मी त्या वेळी दुसरीकडे पाहत असे. मग आम्ही दोघी खालांकडे गेलो. कारण कळले ते साधे होते. या औषधाने लघवी तांबूस होते. खालांना वाटले, रक्त जात आहे. घाबरून त्यांनी गोळ्या बंद केल्या, आणि माझे मन मोडू नये म्हणून तसे सांगितले नाही. लघवी तांबडी होते, घाबरू नका, हे रोग्याला सांगायचे असते, अशी सूचना मला पहिल्याच दिवशी मिळाली होती. मला तो शब्द उच्चारायची लाज वाटली होती.

म्हणजे पाहायचे ते मी पाहिले नाही आणि सांगायचे ते सांगितले नाही. चहा मात्र रोज प्याले.

त्यानंतर खालांनी पुन्हा गोळ्या सुरू केल्या. मी आता नजर न हलवता पाहत असे. एके दिवशी त्यांनी विचारले, "बेटी, तू कब तक है?" मी म्हणाले, "इक्कीस दिन की थी, अब चार बचे हैं." त्यांनी बोटांवर काही मोजले आणि म्हणाल्या, "और बाकी के महीने कौन देखेगा?" मला उत्तर सुचले नाही. निघण्याच्या आदल्या दिवशी मला मावा जिलेबी खाऊ घातली गेली, सिस्टरांनी आभार मानले. डोळे भरून आले, खोटे कशाला सांगू. पण खालांनी निरोप दिला तो असा: "अगली वाली को बता देना, मैं चाय में शक्कर नहीं डालती." त्यांच्या दाराशी माझ्यासारख्या किती जणी आल्या आणि गेल्या असतील, ते मला त्या एका वाक्याने कळले.

मुमताजचा देह आग्र्याला नेईपर्यंत सहा महिने बऱ्हाणपुरात, तापीपलीकडे झैनाबादला होता. ते सहा महिने पाहायला आजही दुरून माणसे येतात. खालांच्या सहा महिन्यांना मात्र साक्षीदार मिळणे कठीण.

माझा राग ओसरल्यावर सरांनी मला इव्हान इलिच यांचे एक भाषण वाचायला दिले. इलिच हे कॅथलिक धर्मगुरू म्हणून दीक्षा घेतलेले. 1968 साली मेक्सिकोतल्या क्वेर्नावाका येथे, सुटीत खेड्यांची सेवा करायला आलेल्या अमेरिकन विद्यार्थ्यांपुढे ते बोलले. पाहुणे म्हणून या, विद्यार्थी म्हणून या, उपकारकर्ते म्हणून येऊ नका, असा त्याचा मथितार्थ. वाचून मला चपराक बसल्यासारखे झाले. पण मी सरांशी थोडा वादही घातला. इटलीचे फादर अलेक्स झानोतेल्ली आफ्रिकेत नैरोबीच्या कोरोगोचो झोपडपट्टीत सुमारे बारा वर्षे तिथल्याच लोकांत राहिले. मदर तेरेसा 1929 साली भारतात आल्या आणि 1997 साली कोलकात्यातच त्यांनी देह ठेवला. पण 1948 साली वस्तीत उतरण्यापूर्वी त्याही काही महिने पाटण्याला रुग्णसेवेचे प्राथमिक शिक्षण घ्यायला गेल्या होत्या. शिकण्यासाठी थोडे दिवस चालतात. सेवेला थोडे दिवस पुरत नाहीत. माझी चूक एवढीच की मी शिकायला गेले होते आणि त्याला सेवा म्हणत होते. सर पुन्हा हसले. या वेळचे हसणे निराळे होते.

आता निपाणीची गोष्ट. आमच्या घरामागच्या गल्लीत एक काकू विड्या वळतात. त्याआधी पुष्कळ वर्षे त्या तंबाखूच्या वखारीत कामाला होत्या. त्यांचा खोकला मी लहानपणापासून ऐकत आले आहे, पहाटे तो ऐकू आला की आई म्हणे, "पाच वाजले." बऱ्हाणपूरहून परतल्यावर दुसऱ्याच पहाटे तो खोकला ऐकला आणि उठून बसले. सहाशेहून अधिक किलोमीटर जाऊन मी जो खोकला ओळखायला शिकले, तो माझ्या भिंतीपलीकडे होता.

काकूंना तयार करायला वेळ लागला. "जर्द्याचा खोकला हाय, त्याला काय औषध?" असे त्या म्हणत. दोन खेपा वाया गेल्या. तिसऱ्या खेपेला सरकारी दवाखान्यात थुंकी तपासली, दोष निघाला. औषध सुरू झाले. पोषणासाठी सरकारकडून महिन्याला जे पैसे खात्यावर येतात, ते 2018 साली 500 रुपये होते, 2024 च्या नोव्हेंबरपासून 1000 झाले आहेत. त्याचे कागद करायला मात्र चार चकरा झाल्या. लघवी तांबडी होईल, हे मी काकूंना पहिल्याच दिवशी, न लाजता सांगितले. आज चौथा महिना चालू आहे. रोज सकाळी महाविद्यालयात येण्यापूर्वी मी त्यांच्या दारात उभी असते आणि पाहते. त्या वैतागतात, "बघ बाई बघ, गिळली." परीक्षेच्या काळातही जावे लागेल. यात ऐट करण्यासारखे काही नाही, हे आता मला कळले आहे.

दिवाळीत मी सिस्टरांना फोन केला. खालांचे औषध पुरे झाले होते, बुडालेले पाच दिवस शेवटी जोडून. थुंकी स्वच्छ आली होती. मी आनंदाने विचारले, "माझ्यानंतर कोण मुलगी आली होती?" सिस्टर म्हणाल्या, कोणीच नाही. शेजारच्या खोलीत कांड्या भरणाऱ्या बाईने उरलेले सगळे महिने पाहिले. तिला लिहिता येत नाही, म्हणून कार्डावर ती काडीने शाईचा ठिपका देत असे.

ते कार्ड मी पाहिलेले नाही. पण त्यावर माझ्या सुबक खुणा कुठे संपतात आणि ते ठिपके कुठून सुरू होतात, हे मला डोळे मिटूनही दिसते. सर, आता विचाराल तर सांगेन: सुटीत मी एकवीस दिवस शिकवणीला गेले होते.