पाणी उतरल्यावर

वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत स्थानिक बायकांचा बचत गट वल्ह्याच्या होडीतून कांदळवन दाखवतो. आम्ही निघालो तेव्हा भरती होती. दोन्ही काठांवर गच्च हिरवी पानं पाण्याला टेकलेली. एक झाड दुसऱ्यापासून वेगळं काढता येईना. वल्हवणाऱ्या ताई म्हणाल्या, "पाणी उतारला काय मुळां दिसतली. मगे सांगतंय."

ओहोटी लागली आणि झाडं एकेक करून ओळखू येऊ लागली. आधी कांदळ. खोडातून सुटलेली मुळं कमानी घेत चिखलात उतरलेली, त्यांना कालवं चिकटलेली. कांदळाचं बी झाडावर असतानाच रुजतं. हातभर लांब हिरव्या शेंगा जागोजाग लोंबत होत्या. गळालेली शेंग चिखलात उभी रुतली तर तिथेच वाढते, नाहीतर पाण्यावर तरंगत दुसरीकडे जाऊन रुजते. खारं पाणी कांदळ मुळाशीच गाळून घेतो.

तिवराची तऱ्हा निराळी. मुंबई-ठाण्याच्या खाड्यांत बहुतेक त्याचंच राज्य. लोकलच्या खिडकीतून मी वर्षानुवर्षं पाहत आलो तो हाच. खारटपणा आणि शहराची घाण सोसण्यात त्याचा हात धरणारं झाड नाही. पण त्याच्या बुंध्याशी असा कधी आलो नव्हतो. चिखलात कुणी पेन्सिली खोचून ठेवाव्यात तशी असंख्य मुळं वर आलेली, त्यांच्यामधून निवटे उड्या मारत होते. या चिखलात प्राणवायू जवळजवळ नसतो, कुजक्या अंड्यांसारखा वास येतो तो त्यामुळेच. वर आलेली मुळं अंगावरच्या बारीक छिद्रांतून हवा घेतात. ताईंनी एक पान जिभेला लावून बघायला सांगितलं. खारट! शोषलेलं मीठ तिवर पानांवाटे बाहेर टाकतो.

गेवा लांबूनच पाहिला. त्याचा चीक डोळ्यांना फार वाईट.

मी खरा आलो होतो तो चिप्पीसाठी. 2020 मध्ये महाराष्ट्राने पांढऱ्या चिप्पीला राज्य कांदळवन वृक्षाचा मान दिला. मुंबईच्या खाड्या धरून ठेवणाऱ्या तिवराला तो का नाही, असं मला तेव्हा वाटलं होतं, आणि थोडं अजूनही वाटतं. पण चिप्पी समोर आली आणि निवड पटली. मुळं तिवरासारखीच वर आलेली, पण जाड आणि टोकाकडे निमुळती. गोल हिरवी फळं, देठाशी चांदणीच्या आकाराचा निदलपुंज. फूल मात्र एकही उमललेलं नव्हतं. खाली पांढऱ्या केसरांचा सडा तेवढा होता. चिप्पी फुलते रात्री, वटवाघळं मधासाठी येतात आणि परागीभवन करून जातात. सकाळपर्यंत केसर गळतात.

"इथे येतात वटवाघळं?" मी विचारलं.

"येतत तर! पण बघूचा आसात तर रातीक ऱ्हवाक व्हया."

होडीतूनच फोन करून आम्ही परतीची तिकिटं रद्द केली.