२४ करायला जीआर कशाला हवा?

एसी १८ वर ठेवला की खोली लवकर गार होते, हा समज घरोघरी आहे. साध्या एसीत तसं होत नाही, मित्रांनो. थर्मोस्टॅटचं काम एवढंच: ठरवलेलं तापमान आलं की कॉम्प्रेसर बंद, खोली तापली की चालू. १८ केलं तरी गार होण्याचा वेग तोच, कॉम्प्रेसर मात्र जास्त वेळ चालतो. बीईईच्या हिशेबाने एक अंश वाढवला की साधारण ६ टक्के वीज वाचते. म्हणूनच १ जानेवारी २०२० पासून स्टार लेबलच्या नव्या एसींना २४ चं सेटिंग कंपनीतूनच देणं बंधनकारक झालं.

तरी बातमीसाठी सरकारी कार्यालयांत जातो, तेव्हा साहेबांच्या केबिनमध्ये १८च दिसतं. बाहेर बाकड्यावर ताटकळणाऱ्यांना साधा पंखा नाही. बिल मात्र त्यांच्याच करातून जातं.

रिमोट तुमच्याच टेबलावर आहे, साहेब.