आमचा पत्ता कोणाकोणाला दिलात?

ऑनलाइन खरेदीची ॲप चालवणाऱ्या कंपन्यांनो,

हे पत्र घाटंजीहून लिहितो आहे. आमच्या पत्त्यात घरनंबरापेक्षा खुणाच जास्त: अमक्या मंदिरामागे, कडुनिंबासमोर. कुरिअरवाल्या पोराला घर सापडावं म्हणून त्या खुणा आम्ही तुम्हाला दिल्या. मिक्सर, साड्या, लेकरांची पुस्तकं घरपोच आली, यवतमाळची खेप वाचली. हे आम्ही नाकारत नाही.

पण ती माहिती तुमच्यापाशी थांबत नाही. विक्रेता, कुरिअर, पैशाचा व्यवहार सांभाळणारी कंपनी, मेसेज पाठवणारी कंपनी, जाहिरातवाले. प्रत्येकाच्या हाती त्यातलं काही ना काही पडतं. कुरिअरला पत्ता लागतोच. जाहिरातवाल्याला आमची खरेदी कशाला कळायला हवी?

आणि माहिती फुटली की न मागवलेलं पार्सल दारात येतं. नाव, पत्ता, फोन सगळं बरोबर. फक्त पैसे द्यायचे. घरी एकटी म्हातारी असते. लेकानं मागवलं असेल असं समजून ती कापसाच्या पैशातून देऊन टाकते. 2020 मध्ये बिगबास्केटच्या सुमारे 2 कोटी ग्राहकांची माहिती विक्रीला निघाल्याचं उघड झालं होतं. तिथून ती कुठे गेली, हे त्या ग्राहकांना कोण सांगणार?

2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या 9 न्यायमूर्तींनी खासगीपण हा मूलभूत हक्क ठरवला. 2023 मध्ये वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा झाला, नोव्हेंबर 2025 मध्ये नियम आले. माहिती कोणाकोणाला दिली, हे नावानिशी विचारण्याचा हक्क त्यात आहे. संमतीची सूचना मराठीतून वाचायला मिळण्याची सोयही आहे. पण या तरतुदी लागू होणार मे 2027 मध्ये. माहिती नीट न सांभाळल्यास 250 कोटी रुपयांपर्यंत दंड आहे; तो मात्र सरकारच्या संचित निधीत जमा होईल. त्या म्हातारीचे पैसे त्यातून परत मिळणार नाहीत. कायद्यातली ही उणीव मला अन्यायाची वाटते.

म्हणून मागणी करतो. मे 2027 ची वाट पाहू नका. आमची माहिती कोणाला, कशासाठी दिली याची यादी आजच ॲपमध्ये मराठीत दाखवा, आणि जाहिरातीची परवानगी काढून घेण्याचं बटण खरेदीच्या बटणाइतकंच ठळक ठेवा.

घाटंजीकरांनो, तुम्हीही न मागवलेल्या पार्सलचे पैसे देऊ नका. दिले गेलेच तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा.

आपला,
घाटंजीचा एक ग्राहक